डॉक्टर, त्यालाच विचारा ना

महोदय,
माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया हा मनोविकार आहे. गेली अकरा वर्षे मी त्याला घेऊन डिचोलीहून दवाखान्यांच्या वाऱ्या करतोय. एका ठिकाणी दार सताड उघडं असायचं आणि डॉक्टर त्याच्याकडे न बघता मलाच विचारायचे, "झोपतो का? गोळ्या घेतो का?" बाहेर बसलेल्या ओळखीच्यांनी ते ऐकलं, वाड्यावर चर्चा झाली. भावाने पाच महिने गोळ्यांना हात लावला नाही.

मग एक तरुण डॉक्टर भेटल्या. त्यांनी आधी उठून दार लावलं, खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि विचारलं, "आवाज ऐकू येतात तेव्हा तुम्ही काय करता?" तो बराच वेळ गप्प होता. त्या थांबल्या. शेवटी तो बोलला: गोळीने हात थरथरतात, चहाची कपबशी धरवत नाही. मलाही हे तेव्हाच कळलं!

पणजीत आबे फारियाचा पुतळा आहे. संमोहनाची शक्ती करणाऱ्यात नसून समोरच्याच्या मनात असते, असं या कांदोळीच्या धर्मगुरूने दोनशे वर्षांपूर्वी सांगितलं. समोरच्याला माणूस मानणं तिथूनच सुरू होतं, असं मला वाटतं.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्तता हा रुग्णाचा हक्क ठरवलाय. आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हेही आधी लिहून ठेवता येतं. प्रत्येक मनोविकार ओपीडीबाहेर हे मराठी-कोंकणीत, मोठ्या अक्षरांत लावावं, अशी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

– एक वाचक, डिचोली