बाल्कनीतल्या त्या सीटबद्दल थँक्यू काका

काका,

तुम्ही मोबाईलवर एवढं मोठं वाचणार नाही माहितीय, नात वाचून दाखवेल. पण हे सगळ्यांसमोरच लिहायचंय, कारण मी उद्धटपणाही सगळ्यांसमोरच केला होता.

आपलं नाटक चालायला लागलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. आधी एक अ‍ॅडिशन घेतली, म्हणजे स्क्रिप्टबाहेरचं वाक्य टाकलं, लोक हसले, मग दुसरी, मग दर प्रयोगाला नवीन, नाटक 25 मिनिटं लांबलं तरी मी थांबेना. माझ्यासोबत काम करणाऱ्या ताईंचा लाफ यायच्या आत मी मागे काहीतरी चाळे करायचो म्हणजे लोकांनी माझ्याकडे बघावं. जाहिरातीत नाव पहिलं हवं म्हणून निर्मात्याशी भांडलो. दुसरी घंटा झाली तरी मी मेकअपला बसलेलो आणि तिसरी द्यायला तुम्ही बटणावर हात ठेवून उभे. ताई नाटक सोडून गेल्या, महिन्याभरात बुकिंग पडलं, मग मला काढलं आणि त्यांना परत बोलावलं.

8 महिने एक नाइट, म्हणजे प्रयोगाचं काम, नाही मिळाली. सगळे माझ्यावर जळतात असं सांगत फिरायचो. तेव्हा तुमचा फोन आला, रविवारी शिवाजी मंदिरला ये, बाल्कनीत शेवटच्या रांगेत बस आणि नुसतं ऐक.

दुसऱ्या अंकातला चावीचा सीन आला. माझा हक्काचा लाफ. काका, माझ्या जागी आलेला तो मुलगा काहीच करत नव्हता हो, नुसता उभा! ताईंनी वाक्याआधी एक श्वास घेतला, अख्खं थिएटर त्या श्वासावर थांबलं, मग त्याने माझंच वाक्य साधं टाकलं आणि हशा पार बाल्कनीपर्यंत आला. तो हशा ताई उभा करत होत्या. शंभरावर प्रयोग त्यांच्या शेजारी उभा होतो मी, आणि तो श्वास कधी ऐकलाच नव्हता, डोक्यात पुढची अ‍ॅडिशन चालू असायची.

जिन्यात तुम्ही कपिल शर्माचा विषय काढलात. मार्च 2017 ला विमानात सुनील ग्रोव्हरशी वाजलं, सुनील गेला, टीआरपी घसरला, ऑगस्टअखेर शो बंद. दारू, डिप्रेशन हेही होतं, त्याने स्वतःच नंतर सांगितलं. दोघं परत एका शोमध्ये दिसले ते 2024 ला, नेटफ्लिक्सवर. तुम्ही म्हणालात, "त्याच्याकडे सात वर्षं होती, तुझ्याकडे आहेत का?" आणि प्रशांत दामल्यांचं सांगितलंत, 2022 ला षण्मुखानंदला 12,500 वा प्रयोग, "एवढे प्रयोग एकट्याने होत नाहीत रे, समोरच्याला रोज तुझ्याबरोबर उभं राहावंसं वाटलं पाहिजे."

मग हाताला धरून मेकअपरूममध्ये नेलंत. ताई मेकअप उतरवत होत्या, माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि तुम्ही दार लोटून बाहेर उभे राहिलात, दुसऱ्या कोणाला आत सोडलं नाहीत. ते दहा मिनिटं माझ्यासाठी काय होते ते मला अजून नीट सांगता येत नाही.

ताईंनीच नव्या नाटकात माझं नाव सुचवलं. चार सीन आहेत, तीनमध्ये फीड, म्हणजे हशाआधीचं वाक्य, मी देतो, लाफ समोरच्याचा. रोज तालमीत त्याचं वाक्य ऐकतोय.

शुभारंभ 12 तारखेला पार्ल्याला, दीनानाथला. त्या दिवशी तुमचा प्रयोग नाही, विचारून ठेवलंय. पहिल्या घंटेआधी मी तयार होऊन विंगेत असेन. तुमची सीट बाल्कनीत, शेवटच्या रांगेत. नक्की या.