न पटलेला तपशील कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या काळच्या दर्यावर्दींवर आणि प्रवाशांवर जी लेखमाला चालू आहे, ती मी पहिल्या लेखापासून वाचतो आहे. भाषा ओघवती आहे, लेखकाने भरपूर वाचले आहे हेही जाणवते. तरीही दर रविवारी पेन्सिल घेऊन बसलो की समासात एकच शेरा पुन्हा पुन्हा लिहिला जातो : 'हे का गाळले?'

मी मर्चंट नेव्हीत डेकवर होतो. सेकंड मेट असताना चार्ट अद्ययावत ठेवणे, दुपारच्या सूर्याची उंची मोजणे, बोटीची घड्याळे पुढे-मागे करणे ही कामे माझ्याकडे असत. त्यामुळे कुठलेही प्रवासवर्णन हातात आले की पराक्रमाच्या आधी मी तिथे सूर्य शोधतो. तो कुठल्या बाजूला होता? रात्र किती तासांची होती? भरती किती चढली? ही माहिती देणाऱ्या माणसाला त्यातून फारसे काही मिळवायचे नसते, म्हणून ती मला मोलाची वाटते. आपल्या लेखमालेत नेमकी हीच गळते. जे चमत्कारिक वाटते, कथेच्या ओघात बसत नाही, ते जागेअभावी कापले जात असावे.

फिनिशियन खलाशांवरचा लेख घ्या. इजिप्तचा राजा नेको याने इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास त्यांना तांबड्या समुद्रातून पाठवले, आफ्रिकेला वळसा घालून तिसऱ्या वर्षी ते जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून परत आले, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. लेखात एवढे आले आणि पुढचा परिच्छेद थेट कार्थेजवर गेला. अहो, पण हेरोडोटसने त्यापुढे जे लिहिले आहे त्यासाठी तर ही हकीकत वाचायची! तो म्हणतो, आफ्रिकेला वळसा घालताना सूर्य आपल्या उजव्या हाताला होता असे ते सांगत. 'दुसऱ्या कुणाला पटले तर पटो, मला पटत नाही,' असेही तो लिहितो.

का पटले नाही, हे उघड आहे. त्याने पाहिलेल्या जगात दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला. पश्चिमेकडे निघालेल्या माणसाच्या तो डाव्या हाताला असणार. पण आफ्रिकेचे दक्षिण टोक मकरवृत्ताच्याही खाली आहे. तिथून पश्चिमेकडे वळलात की उत्तर उजव्या हाताला येते आणि दुपारचा सूर्य वर्षभर उत्तरेलाच असतो. ज्याने ही गोष्ट खोटी मानली, त्यानेच ती खरी असण्याचा सर्वांत बळकट दुवा नोंदवून ठेवला. स्वतःला न पटलेले वाक्य त्याने खोडले नाही, यासाठी मी त्याला जुन्या सगळ्या इतिहासकारांत वरचा क्रमांक देतो.

आता यावरून सफर सिद्ध झाली असे मी म्हणत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे नाईलच्या वरच्या अंगाला, ऐन उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे झुकलेला दिसतो. ती माहिती तिकडच्या लोकांकडून कुणी ऐकलीही असेल. वाद आहे आणि तो राहील. पण ते वाक्यच छापले नाही तर वाचकाला वाद घालायला उरते काय? फक्त 'धाडसी फिनिशियन'.

पिथियसबद्दल मला जास्त वाईट वाटले. त्याला लेखात दोन ओळी मिळाल्या, त्यातही 'वादग्रस्त' हे विशेषण. मसालिया, म्हणजे आजचे मार्सेय, तिथला हा ग्रीक इसवी सनापूर्वी ३२५ च्या सुमारास ब्रिटनपर्यंत आणि त्याच्याही उत्तरेला जाऊन आला. त्याचे स्वतःचे लिखाण हरवले. आपल्यापर्यंत जे पोचले त्यातले पुष्कळसे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोमुळे, आणि स्ट्रॅबो तर त्याला पदोपदी खोटारडा म्हणतो. म्हणजे आरोपीची बाजू आपल्याला फिर्यादीच्या तोंडून ऐकायची आहे. तरीसुद्धा काय काय हाती लागते पाहा. ब्रिटनच्या उत्तरेला सहा दिवसांच्या जलप्रवासावर थुले नावाची भूमी आहे. उत्तरेकडच्या स्थानिक लोकांनी सूर्य कुठे झोपतो ती जागा दाखवली; तिथे रात्र कुठे दोन तासांची, कुठे तीन तासांची. आणखी वर समुद्र असा की जमीन, पाणी, हवा यांचे एकच मिश्रण होते, त्यावर चालता येत नाही आणि त्यातून नाव हाकता येत नाही. याला त्याने जेलीफिशची उपमा दिली.

स्ट्रॅबोला ही थाप वाटली. ज्याने थंड समुद्रात बर्फ धरताना पाहिला आहे त्याला वाटणार नाही. पाणी आधी साखरपाकासारखे जड होते, मग वर गोल गोल थाळ्या तयार होतात आणि लाटेबरोबर एकत्र वरखाली होतात. त्यात भर धुक्याची. घरी बसून हे कुणी रचले असेल असे मला वाटत नाही. दोन-तीन तासांची रात्र म्हणजे तर उन्हाळ्यातला ६४-६५ अंश अक्षांश झाला, आणि हे गणित शाळकरी मुलगाही पृथ्वीच्या गोलावर करून पाहू शकेल.

याच पिथियसने आपल्या गावी, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, भर दुपारी उभ्या काठीची सावली मोजली. काठी १२० भाग, तर सावली ४२ ला किंचित कमी. या मापावरून अक्षांश काढला तर उत्तर ४३ अंशांच्या आसपास येते. मार्सेय ४३.३ वर आहे. हाती काठी आणि सावली यांखेरीज काही नसलेला माणूस इतका जवळ जातो आणि आपण त्याला 'वादग्रस्त' म्हणून बाजूला करतो. बोटीच्या हलत्या डेकवर सेक्स्टंट (सूर्याची उंची मोजायचे उपकरण) धरून क्षितिज शोधलेल्या माणसाला असला सहकारी केव्हाही चालेल.

कोलंबसवरच्या लेखातली चूक मात्र छापायलाच नको होती. 'पृथ्वी सपाट आहे असे तेव्हा सगळे मानत आणि कोलंबसने ते खोटे ठरवले' हे वाक्य. पृथ्वी गोल आहे हे युरोपातल्या शिकलेल्या लोकांना १४९२ च्या शेकडो वर्षे आधीपासून माहीत होते. ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच तिचा घेर मोजला होता. सपाट पृथ्वीची कहाणी लोकप्रिय झाली ती वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकी लेखकामुळे, त्याने १८२८ मध्ये लिहिलेल्या कोलंबसच्या चरित्रातून. स्पेनच्या दरबारातल्या पंडितांचा आक्षेप अंतरावर होता, आणि पंडित बरोबर होते. कोलंबसने पृथ्वीच्या घेरातल्या एका अंशाचे माप अरबीत लिहिणारा खगोलज्ञ अल-फरघानी याच्याकडून घेतले, पण अरबी मैल हा लांबीने कमी असलेला रोमन मैल आहे असे धरले, त्यामुळे पृथ्वी सुमारे एक चतुर्थांश लहान झाली. कॅनरी बेटांपासून जपान २४०० सागरी मैलांवर आहे असा त्याचा हिशोब; प्रत्यक्षात ते अंतर १०,००० च्या वर भरते. मध्ये अमेरिका लागली नसती तर ही माणसे तहानेने गेली असती. मला ही चुकलेल्या आकडेमोडीची गोष्ट सपाट पृथ्वीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी रंजक वाटते. शिवाय ती खरी आहे.

मॅगेलनच्या लेखात वादळे होती, बंड होते, उपासमार होती, बुधवार नव्हता. त्याच्या तांड्यातले एक जहाज, व्हिक्टोरिया, जग फिरून १५२२ च्या जुलैत केप व्हर्डे बेटांवर अन्नासाठी थांबले. किनाऱ्यावर गेलेल्यांनी सहज वार विचारला, तर पोर्तुगीज म्हणाले गुरुवार. जहाजाच्या हिशोबाने बुधवार. जहाजावर डायरी ठेवणारा पिगाफेट्टा चक्रावला, कारण तो रोज न चुकता नोंद ठेवत होता आणि आजारीही पडला नव्हता. मग त्याच्या ध्यानात आले की सूर्याबरोबर सतत पश्चिमेला जात राहिल्याने एक अख्खा दिवस गळला आहे.

पश्चिमेला जाताना आम्ही घड्याळे तासातासाने मागे घ्यायचो, म्हणजे वॉचवरच्या, पहाऱ्याच्या पाळीवरच्या, माणसांपैकी कुणाला तरी जास्तीचा वेळ उभे राहावे लागे आणि तो कुरकुरायचा. ती कुरकुर जगभर साठवत नेली की चोवीस तास होतात. आज यासाठी वाररेषा आहे. व्हिक्टोरियावरच्या लोकांना कुणी सांगायला नव्हते. सहा सप्टेंबरला स्पेनला पोचले ते जेमतेम अठरा जण. खोटी डायरी लिहिणाऱ्याने वार जुळवून घेतले असते.

यावर आपले लेखक म्हणतील, चमत्कारिक ते सगळे खरे मानायचे का? मुळीच नाही. हेरोडोटसनेच भारताच्या सीमेवर सोने उकरणाऱ्या, कोल्ह्याहून मोठ्या मुंग्यांची हकीकत दिली आहे. त्या मुंग्या म्हणजे हिमालयापलीकडच्या पठारावर बिळे करणारे मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातले मोठे प्राणी, असावेत असा एक तर्क आहे. तर्क देखणा आहे, मला पुरता पटलेला नाही. मौर्य दरबारी आलेल्या ग्रीक वकील मेगॅस्थिनिसने तोंड नसलेल्या, नुसत्या वासावर जगणाऱ्या माणसांबद्दल लिहिले. तिथे कुठला अक्षांश तपासणार? पण हेही छापावे. सांगणाऱ्याने काय पाहिले आणि काय ऐकले, यांतली सीमा वाचकाला अशाच जागी दिसते.

उलट बाजूचे उदाहरण चौदाव्या शतकातल्या मोरोक्कोच्या प्रवाशाचे, इब्न बतूताचे. त्याची मक्का-मदिना, दमास्कस यांची वर्णने गुळगुळीत आहेत, आणि त्यांतला बराच भाग आधीच्या इब्न जुबैर या प्रवाशाकडून उचललेला आहे हे अभ्यासकांनी ओळी जुळवून दाखवले. बतूताने सांगितले, लिहून काढले इब्न जुझैने. त्याने कुठे कुठे जुने कापड जोडले. पण माली देशात राजाकडून स्वागताची भेट आली म्हणून हा मोठ्या आशेने उठतो, मानाची वस्त्रे आणि पैसे असतील म्हणून, आणि समोर येतात तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा तुकडा आणि भोपळ्यात आंबट दही. तो हसत सुटतो. ही कुणाची उसनवारी नाही. हा माणूस तिथे होता.

ह्युएन त्संगच्या बाबतीत तर एकाच प्रवासाची दोन पुस्तके आहेत, आणि आपल्या लेखात दोन्हींची सरमिसळ झाली आहे. ६४५ मध्ये परतल्यावर सम्राटाच्या सांगण्यावरून त्याने जो वृत्तांत दिला त्यात राज्ये, दिशा, अंतरे, मठांतले भिक्षू असा कोरडा तपशील आहे. वाळवंटात पाण्याची पखाल हातून निसटली आणि चार रात्री, पाच दिवस तो पाण्याविना राहिला, हा प्रसंग त्यात नाही. असूही शकत नाही, कारण तो वृत्तांत वाळवंट ओलांडल्यानंतरच्या राज्यापासून सुरू होतो. प्रसंग आहे त्याचा शिष्य हुइली याने लिहिलेल्या चरित्रात. गुरूवरच्या भक्तीचा रंग त्यात किती, ते वाचकाने ठरवावे. मात्र नालंदाचे अवशेष एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांना ओळखता आले ते कोरड्या वृत्तांतातल्या दिशा आणि अंतरांच्या आधारे. अंतरांची कंटाळवाणी यादी संपादकीय कात्रीत पहिली जाते, म्हणून मुद्दाम सांगितले.

व्हायकिंगांचेही तसेच. उत्तर अमेरिकेला गेल्याच्या त्यांच्या गाथा घटनेनंतर दोन शतकांनी लिहिल्या गेल्या, म्हणून कित्येकांनी त्या कथाच मानल्या. १९६० मध्ये हेल्गे इंग्स्टाड याने न्यूफाउंडलंडच्या टोकाला गवताखालचे उंचवटे पाहिले, अ‍ॅन स्टिने इंग्स्टाड हिने उत्खनन केले, आणि नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची, घरे निघाली. तिथल्या तोडलेल्या लाकडात ९९३ सालच्या वैश्विक किरणांच्या (अवकाशातून येणाऱ्या किरणांच्या) झोताची खूण असलेले, वर्षाला एक पडणारे वाढीचे वलय सापडले. तिथून सालीपर्यंत वलये मोजून झाड १०२१ मध्ये तोडले हे ठरले. त्या जागी एका जातीच्या अक्रोडाची फळेही मिळाली, जी इतक्या उत्तरेला येत नाहीत. म्हणजे ही मंडळी आणखी दक्षिणेला जाऊन आली होती. आपल्या लेखात शिंगांची शिरस्त्राणे होती, जी व्हायकिंग घालत नसत. अक्रोड नव्हते.

पुढचा लेख मार्को पोलोवर आहे असे चौकटीत वाचले. छापण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. त्याने सांगितले, लिहिले रुस्तिकेल्लोने, १२९८ मध्ये जेनोवाच्या कैदेत, आणि हा रुस्तिकेल्लो अद्भुतकथा लिहिणारा होता. त्याचे नाव गाळू नये. चीनच्या भिंतीचा उल्लेख नाही म्हणून तो चीनला गेलाच नाही, हा लोकप्रिय युक्तिवाद द्यायचा असेल तर आज दिसणारी भिंत बहुतांशी मिंग काळातली, पोलोनंतरची आहे, हेही द्यावे. चित्रासाठी जागा असेल तर ड्रॅगन नको. तुतीच्या सालीच्या कागदावर छापलेल्या आणि शिक्का मारलेल्या नोटांचे चित्र द्या, आणि शेजारी मार्ग दाखवणारा नकाशा, प्रमाणपट्टीसह. आतापर्यंतच्या एकाही लेखाला नकाशा नव्हता.

आपला,
एक निवृत्त जहाज अधिकारी