दोन फुटी टाकीवरचा दिवा

फोंडा, गोवा
जून

प्रिय सुहास,

माशांच्या आणि पाणझाडांच्या टाकीवर कोणता दिवा लावावा, हा तुझा निरोप मिळाला, दुकानातल्या दिव्याचा फोटोही बघितला. हे सगळं फोनवर सांगत बसलो असतो तर मध्येच वहिनींनी तुला जेवायला हाक मारली असती आणि तू अर्धवट ऐकून दुकान गाठलं असतंस. म्हणून निवांत लिहितो.

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. त्या दुकानदाराने दाखवलेला दिवा घेऊ नकोस. दिव्यात खोट नाही, पण तुझ्या टाकीला त्याची गरजच नाही. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच म्हणजे कागदावर साधारण ५६ लिटर. तळाची माती-वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास. एवढ्या पाण्याला विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी साधी दोन फुटी एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखी दिव्याची पट्टी, पुरते. १० वॉटची, पांढरी, खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेली. टाकीवर ती अगदी मापात बसते आणि दुकानदाराने सांगितलेल्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. वाचलेल्या पैशांत एक टायमर घे आणि उरलेल्याची झाडं घे.

आता कारणं. आपण शाळेत होतो तेव्हा मासे पाळणारी मंडळी वॉटच्या हिशेबाने बोलायची, इतक्या पाण्याला इतके वॉट. तो हिशेब जुन्या जाड ट्यूबलाइटचा. एलईडीला तो लावलास तर फसशील, कारण वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो, किती उजेड देतो ते नव्हे. उजेडासाठी खोक्यावर ल्युमेनचा आकडा बघायचा. बरी बॅटन वॉटमागे १०० ल्युमेनच्या आगेमागे देते, म्हणजे १० वॉटला साधारण हजार. ठोकताळा असा, की लिटरमागे १० ते २० ल्युमेन म्हणजे मंद उजेड, २० ते ४० म्हणजे मध्यम, त्यापुढे प्रखर. हजारला ४५ ने भाग, बावीसच्या वर जातं. म्हणजे तू मध्यमच्या उंबरठ्यावर आहेस. नवख्याला याहून चांगली जागा नाही.

याला ठोकताळाच म्हणायचं, कारण ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात आणि आपला डोळा हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त दाद देतो. झाडं ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या टापूतला सगळाच उजेड कमी-अधिक वापरतात, त्यातही निळा आणि लाल जास्त ओढीने. ते नीट मोजायचं यंत्र मिळतं, पण त्याच्या किमतीत तुझ्या दहा टाक्या उजळतील. पांढऱ्या दिव्यांपुरता ल्युमेनचा आकडा चालून जातो. जांभळ्या-गुलाबी ‘ग्रो लाइट’ला मात्र तो लावू नकोस, आणि तसला दिवा आणूही नकोस. झाडं वाढतील त्याखाली, नाही असं नाही, पण मासे तिआत्राच्या स्टेजवर उभे केल्यासारखे दिसतील आणि संध्याकाळी तुझ्याच दिवाणखान्यात बसवणार नाही.

‘झाडांसाठी खास’ या शब्दांवर माझा फारसा विश्वास नाही. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा उजेड देणाऱ्या चिपवर पिवळट फॉस्फरचा थर दिला की आपल्याला तो पांढरा दिसतो. (निळा एलईडी जमायलाच इतकी वर्षं गेली, की त्यासाठी २०१४ साली तिघा शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) म्हणजे झाडाला लागणारा निळा तुझ्या बॅटनमध्ये भरपूर आहे, लालही कामापुरता आहे. केल्विनचा आकडा फक्त उजेडाचा रंग सांगतो. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखालीही झाडं वाढतात, पण पाणी मळकट दिसतं. फरक बघायचाच असेल तर सीआरआय बघ, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. ८० असेल तर चालतं, ९० मिळालं तर लाल मासा खरोखर लाल दिसतो.

तरी या आकड्यांच्याही आधीचा प्रश्न राहिलाच. लावणार काय आहेस? दिवा झाडं बघून घ्यायचा, टाकी बघून नव्हे. तू पाठवलेला तो हिरव्या गालिच्याचा आणि लालभडक झुडपांचा फोटो जपानी धर्तीचा आहे. ताकाशी अमानो नावाच्या छायाचित्रकाराने ही तऱ्हा जगभर नेली. असल्या टाक्यांवर प्रखर दिवे असतात, सोबत सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो आणि रोज खत घातलेलं असतं. यातला नुसता दिवा उचललास तर उजेड वाढेल, पण झाडांना कार्बन मिळणार नाही. ती थांबून राहतील आणि फुकटचा उजेड शेवाळ खाईल. छोट्या टाक्या हिरव्या पडतात त्या बहुतेक अशाच. लोक म्हणतात दिवा कमी पडला आणि आणखी मोठा आणतात!

तुझ्यासाठी जावा फर्न, अनुबियास आणि क्रिप्टोकोरीन बस. तिन्ही मंद ते मध्यम उजेडाची. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीतल्याच, ओहोळांच्या काठी वाढणाऱ्या.  पण म्हणून म्हादईच्या बाजूला जाऊन उपटून आणू नकोस. अभयारण्याचा कायदा आहेच, शिवाय दुकानात रोप स्वस्त मिळतं. लावल्यावर पंधरवड्यात त्याची पानं विरघळल्यासारखी गळाली तरी घाबरू नकोस आणि दिव्याला दोष देऊ नकोस. जागा बदलली की ते असंच करतं. मुळं जिवंत असली तर नवी पानं येतात.

चवथीच्या मखराची एलईडी पट्टी माळ्यावर पडून आहे, ती लावू का, असं विचारलंस. नको. आमच्या शेजारी एकाने लावली होती. पावसाळा सरता सरता अर्धी पट्टी विझली. काढून बघितली तर दर तीन दिव्यांमागे कापायच्या खुणेजवळ तांब्याचे जे ठिपके असतात, ते हिरवे पडले होते आणि मागचा चिकट थर जेलीसारखा सुटला होता. आपल्याकडची दमट हवा, त्यात टाकीवरची वाफ. उघडी पट्टी टिकायची नाही. सिलिकॉनचं वेष्टन असलेली १२ व्होल्टची पांढरी पट्टी अॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवली तर चांगली चालते, पण चॅनेल, अडॅप्टर, सोल्डरिंग धरून हिशेब केलास तर बॅटनच स्वस्त. रंग बदलणारी मखराची पट्टी तर विसरच. एवढ्या थाटात तिचा उजेड अगदीच थोडा.

वहिनींना टाकीवर ट्यूब बरी दिसणार नाही असं वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे आणि मला स्वतःला तो जास्त आवडतो. ९ वॉटचे दोन साधे बल्ब, शेड घालून वरून सोडायचे. बल्बचा बराच उजेड बाजूला आणि वर वाया जातो, म्हणून एकाऐवजी दोन आणि म्हणून शेड. माझ्याकडे डिचोलीच्या मातीच्या कुंड्या उलट्या टांगल्या आहेत, आतून पांढरा ऑइलपेंट, तळाच्या भोकातून वायर. भोक जरा मोठं असू दे. एलईडीचा बल्ब तापतो तो मानेशी. गरम हवेला वर जायला वाट नसेल तर आतलं सर्किट लवकर जातं. असा एका जागचा उजेड पडला की पाण्याच्या लाटांची जाळी तळाच्या वाळूवर हलत राहते. बॅटनच्या सपाट उजेडात ती दिसत नाही.

दिवा काचेवर थेट ठेवू नकोस. वीतभर वर ठेव, आणि असा टांग की वर-खाली करता येईल. मासेमारीची जाड तंगूस आणि भिंतीत दोन हुक एवढ्याने काम होतं. उजेड जास्त झाला, काचेवर हिरवी पूड धरू लागली, तर दिवा चार बोटं वर घ्यायचा, की झालं. मधे झाकणाची काच हवीच, कारण घरात लावायची बॅटन वाफेसाठी बनवलेली नसते. ती काच दर आठवड्याला पूस. क्षाराचा पांढुरका थर धरला की उजेड चांगलाच अडतो. व्हिनेगरच्या फडक्याने तो निघतो.

टायमरवर मात्र कंजुषी नको. पहिले काही आठवडे रोज सहा तास, झाडं धरली की सात-आठ. हाताने चालू-बंद करणार असशील तर आठाचे बारा व्हायला वेळ लागत नाही, विशेषतः पाहुणे आल्यावर. तबकडीचा टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की तोही थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. आपल्या पावसाळ्यात महिन्याभरात त्याची दुपार संध्याकाळी होईल. आत बॅटरी असलेला डिजिटल घे. आणि सलग आठ तास लावण्यापेक्षा मधे दुपारी तीन-चार तास दिवा बंद ठेवून बघ. झाडांनी सकाळभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवलेला असतो, तो अंधारात माशांच्या श्वासातून आणि तळाच्या मातीतून थोडा भरून येतो. गोव्यात दुपारी दुकानं मिटतात तशी टाकीही मिटली तर कोण नावं ठेवणार? विजेचं म्हणशील, तर १० वॉटला आठ तास म्हणजे महिन्याला अडीच युनिटसुद्धा होत नाहीत.

टाकी दक्षिणेच्या खिडकीशी ठेवली आहेस आणि ऊन येत नाही म्हणतोस. आता येणार नाहीच. आपण १५ अंश उत्तरेला, त्यामुळे जूनमध्ये सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, वर ढग. चवथ होऊन दिवाळी जवळ आली की तोच सूर्य दक्षिणेकडे उतरतो आणि त्या खिडकीतून थेट टाकीवर येतो. मग मला फोन करशील की दिवा तोच, तास तेच, तरी पाणी हिरवं कसं! टाकी रिकामी आहे तोवरच आतल्या भिंतीकडे सरकव. भरल्यावर दगडमातीसकट अर्ध्या क्विंटलच्या वर जाईल, मग हलायची नाही.

शेवटचं, आणि यात हयगय नको. वायर थेट सॉकेटमध्ये नेऊ नकोस. सॉकेटच्या खाली तिचा एक झोल राहू दे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच ठिपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. आणि तुमच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच ती तोडणारा स्विच, आहे का ते वायरमनला विचार. छोकरी टाकीत हात घालणार, कितीही सांगितलंस तरी. नसेल तर आधी तो बसवून घे, दिवा त्यानंतर.

अनुबियास विकत घेऊ नकोस. माझ्याकडे एक मोठा झुपका आहे, त्यातला तोडून देतो. त्याचा आडवा जाड कंद मातीत पुरायचा नाही, कुजतो. दगडाला दोऱ्याने बांधायचा. पुढच्या आयतारी येणार असशील तर आदल्या दिवशी कळव, ओल्या कागदात गुंडाळून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, छोकरीला गोड पापा.

तुझा,
दिलीप