कार्यवाह झालेल्या मित्रास

सातारा,
५ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. वाचनालयाच्या कार्यवाहपदाची माळ अखेर तुझ्या गळ्यात पडली हे वाचून हसू आले. छपराचे वासे वाळवीने पोखरले आहेत आणि पावसाळ्याआधी ते बदलले नाहीत तर पुस्तकांची कपाटे पुन्हा ताडपत्रीखाली जातील, हे वाचून मात्र वाईट वाटले. मुंबईहून नावाजलेल्या गायकांचा संच आणावा, मैदानावर मोठी संगीतरजनी करावी, तिकिटे लावावीत आणि एका रात्रीत छपराचा खर्च उभा करावा, असा तुमच्या समितीचा बेत आहे आणि त्यावर तू माझे मत मागितले आहेस. माझे मत असे की हा बेत सोडून द्यावा. त्याचे कारण सांगायचे तर आमच्या मुलींच्या वसतिगृहाची एक जुनी फजिती सांगावी लागेल. ती मी तुला आजवर सांगितलेली नाही.

सात वर्षांपूर्वी आम्हीही अशीच एक संगीतरजनी केली होती. कलाकारांचे मानधन, ध्वनियंत्रणा, मंडप, गाड्या, उतरण्याची सोय आणि जाहिरात फलक यांवर इतका खर्च झाला की हिशेब मिटवल्यावर हाती उरलेल्या रकमेत मुलींच्या दोन महिन्यांच्या धान्याचीही सोय झाली नसती. पैसे थोडे उरल्याचे दुःख मला फारसे नव्हते. सभागृह भरलेले होते, पण तिकिटे दुकानांतून विकली गेल्यामुळे खुर्च्यांवर कोण बसले आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते. जे ठाऊक होते, त्यांच्याशी बोलायला आम्हाला सवड नव्हती, कारण आम्ही सगळे शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांच्या खुर्च्या यांच्या मागे धावत होतो. अकरा सत्कार झाले! निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेने आपल्या ओळखीत दहा तिकिटे खपवली होती. त्या शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्या, मध्यंतरात निघून गेल्या आणि पुढे भेटल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "मला मुलींना भेटायचं होतं हो, पण त्या पडद्यामागे उभ्या होत्या." त्या रात्री ज्यांच्यासाठी पैसे गोळा होत होते त्या मुली आणि जे पैसे देत होते ते लोक, यांच्यामध्ये आम्ही भाडे भरून एक पडदा टांगला होता, हे मला त्यांच्या त्या एका वाक्याने कळले.

पुढच्या वर्षी आम्ही रंगमंच ठेवलाच नाही. चाळीस कुटुंबांना नाव घालून हाताने लिहिलेली निमंत्रणे धाडली आणि वसतिगृहाच्या अंगणात पिठले, भाकरी आणि खर्डा असे जेवण ठेवले. मुलींनी वाढले आणि नंतर त्याच पंगतीत पाहुण्यांच्या शेजारी बसल्या. फळ्यावर वर्षाचा जमाखर्च खडूने लिहून ठेवला होता, त्यात कुठे तूट आहे तेही. देणगीची पेटी मुद्दाम ठेवली नाही आणि आवाहनाचे भाषणही केले नाही. आठवड्याभरात प्रत्येकाला आभाराचे पत्र गेले, त्यात त्या कुटुंबाच्या शेजारी जेवलेल्या मुलीने स्वतः लिहिलेल्या चार ओळी होत्या. त्यानंतर महिन्याभरात आम्ही एकेकाच्या घरी गेलो आणि त्या त्या माणसाला झेपेल अशी ठरावीक गोष्ट मागितली. एस. टी.तून निवृत्त झालेल्या एका वाहकांनी दरमहा दोनशे रुपये देण्याचे कबूल केले आणि त्यात आजतागायत खंड पडलेला नाही. साताऱ्यात राहून मला हे आधीच सुचायला हवे होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी बायका रोज दळताना मूठभर धान्य बाजूला काढत, आणि त्या मुष्टिफंडाने धान्याइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे बोर्डिंगमधले पोर आपले आहे ही भावना घरोघर पोचवली.

तुझ्या समितीत कोणी म्हणेल की अशा चिल्लर देणग्यांनी छप्पर होत नाही, त्याला एखादा मोठा दाताच हवा. त्यांना तुमच्याच दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची आठवण करून दे. त्यांनी विधवांसाठीचा आश्रम काढला १८९६ साली आणि सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले ते १९२० साली. मधली चोवीस वर्षे कर्वे गावोगाव हिंडून रुपया-आठाण्यांच्या वर्गण्या गोळा करत होते आणि त्यांचा हिशेब ठेवत होते. एवढी मोठी रक्कम देणारा माणूस आधी हे पाहतो की या संस्थेवर किती सामान्य लोकांनी विश्वास टाकला आहे, असे माझे अनुमान आहे.

आता तुमच्याविषयी. येता शिमगा मार्चच्या आरंभी आहे. चाकरमानी गणपतीला त्याहून जास्त संख्येने येतात हे खरे, पण गणपतीपर्यंत थांबायचे तर पावसाळा छपराविनाच जाईल. तेव्हा शिमगाच धर, मात्र पालखी वाडीत असेल तो दिवस टाळ. पालखीशी स्पर्धा करणाऱ्या कार्यक्रमाला कोकणात कोणी फिरकणार नाही आणि फिरकूही नये. प्रत्येक वाडीच्या पालखीच्या तारखा आताच मानकऱ्यांकडून विचारून घे आणि त्यांतून मोकळी संध्याकाळ काढ.

कार्यक्रम मैदानावर नको, वाचनालयाच्या पडवीत आणि अंगणातच कर. पोखरलेला एक वासा उतरवून अंगणाच्या मधोमध मांडून ठेव, बोटाने दाबला की भुसा गळतो हे लोकांना स्वतः करून पाहू दे. जेवण आचाऱ्याला सांगू नका, आंबोळ्या एका वाडीने, काळ्या वाटाण्याची उसळ दुसरीने आणि सोलकढी तिसरीने आणावी. ज्याने घरून पातेले आणले तो पाहुणा राहत नाही. आणि एक गोष्ट मात्र अगदी न चुकता कर. माळ्यावरच्या पेटाऱ्यात वर्गणीदारांच्या जुन्या वह्या आणि देवघेवीची रजिस्टरे आहेत, आपण शाळेत असताना त्यांवर बसून सरबत प्यायलो होतो. ती झटकून एका लांब टेबलावर वाडीनिहाय मांड. परळला किंवा डोंबिवलीला जन्मलेल्या मुलाला आपल्या आजोबांची सही आणि त्यांनी नेलेल्या पुस्तकाचे नाव सापडले, की पुढे तुला फारसे बोलावे लागणार नाही.

करमणूक हवीच असेल तर गावच्या मंडळाचे नमन, म्हणजे आपले कोकणातले गण-गवळणीचे लोकनाट्य, ठेव. कोकणातल्या कितीतरी मंडळांनी परळच्या दामोदर नाट्यगृहात शाळांच्या आणि देवळांच्या मदतीसाठी नमनाचे प्रयोग लावलेले आहेत, त्यामुळे मुंबईच्या मंडळींना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. फक्त रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो आणि नमनाला तर दहानंतरच रंग चढतो. म्हणून गण आणि गवळण सहालाच सुरू करा, किंवा दहानंतर मृदंगावर आणि उघड्या गळ्यावर भागवा. मला स्वतःला दुसरा पर्याय अधिक आवडेल.

त्या संध्याकाळी समितीतल्या प्रत्येकाकडे पाच घरे नेमून दे. त्याचे काम एवढेच, की त्या पाच घरांची विचारपूस करायची आणि रात्री घरी गेल्यावर वहीत टिपून ठेवायचे: कोण आले, वाचनालयाशी त्यांचा संबंध काय, बोलताना कशात रमले. ही वही तुझ्या तिकीटविक्रीपेक्षा मोलाची ठरेल. आठ दिवसांत आभाराचे पत्र, पंधरा दिवसांत भेट किंवा फोन, आणि मागताना "यथाशक्ती द्या" असे गुळमुळीत न म्हणता "एका वाशाचा खर्च तुमच्या घराने उचलावा" असे नेमके सांगणे. काम सुरू झाल्यावर त्याच घराला तो वासा चढतानाचे छायाचित्र गेले पाहिजे. छप्पर झाल्यावरही वर्षातून दोनदा तरी असे पत्र जाऊ दे, ज्यात काहीच मागितलेले नसेल. आम्ही पहिली दोन वर्षे हे केले नाही आणि केवळ पैसे हवे असले की आमची आठवण होते, असे एका देणगीदारांनी मला तोंडावर ऐकवले. ते खरे होते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. वाचनालयाकडे ८०-जीची, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणाऱ्या कलमाची, मान्यता चालू आहे का ते आधी पाहा. असल्यास पावतीवर देणगीदाराचा पॅन आणि पत्ता घ्या, कारण वर्षाचे देणगी विवरण ३१ मेपर्यंत प्राप्तिकर विभागाकडे भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यावे लागते. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना तर ती मुळीच मिळत नाही, तेव्हा सवलतीचे आमिष पत्रकाच्या मथळ्यावर नको. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांकही बदलतील, ते लेखापालांना विचारून घे. स्मरणिकेतली जाहिरात ही देणगी नव्हे, तिची पावती वेगळी. आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गाववाल्यांकडून एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नकोस, मग तो सख्खा चुलतभाऊ का असेना. भारतीय पासपोर्ट असलेल्याने नेहमीच्या बँकमार्गे परदेशातून पाठवले तर ते चालते.

उरला देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी फलकाचा प्रश्न. माझे ऐकशील तर नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने न लिहिता वाडीनिहाय आणि अकारविल्हे लिही, रकमा तर लिहूच नकोस. अध्यक्ष रागावतील, कारण त्यांचे नाव वर येणार नाही. त्यांना त्या संध्याकाळचा एकमेव सत्कार देऊन टाक.

शिमग्याला मी दोन दिवस आधीच येतो. जुन्या वह्या झटकायला माणूस लागेल आणि माझ्या वडिलांनी बुडवलेले एक पुस्तक त्या रजिस्टरात नोंदलेले असणार, ते सर्वांच्या आधी मला शोधायचे आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाकसोबती