पिटातून नाटक, शेजारी अस्वल

लंडन,
१४ जून

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

काल ग्लोबमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या थिएटरात, पिटात (रंगमंचापुढच्या मोकळ्या जागेत) उभं राहून नाटक पाहिलं. मुलगी बसायची तिकिटं काढत होती, हट्ट माझाच! तिसऱ्या तासाला गुडघे बोलू लागले. एलिझाबेथ राणीच्या काळी एक पेनी टाकून लोक असेच उभे राहायचे, डोक्यावर उघडं आकाश. नाटक दुपारचं, कारण दिवे कुठले? बायकांची कामं पोरं करायची. आपल्याला त्याचं नवल नाही, बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेले आपण.

हे थिएटर १९९७ सालचं, मूळच्या जागेजवळच बांधलेलं. मूळचं १५९९चं, आणि त्याची जन्मकथा अस्सल चाळीतली वाटेल अशी. लंडनच्या शोरडिच भागातल्या, शेक्सपिअरच्या नाटकमंडळीच्या जुन्या थिएटरच्या जमिनीचा करार संपला, मालक अडून बसला. तेव्हा थिएटर चालवणाऱ्या बर्बेज बंधूंनी ऐन नाताळात, १५९८च्या डिसेंबरात, सुतार नेऊन अख्खं थिएटर उतरवलं. तेच लाकूड थेम्सच्या या काठाला आणून ग्लोब उभं केलं. जमीन तुझी, लाकूड आमचं!

जवळच्या, त्याच काळातल्या रोझ थिएटरची जागा १९८९ साली खणली, तेव्हा कालवांचे शिंपले निघाले. तू मालवणचा, म्हणून मुद्दाम कळवतो. हातात कालवं, समोर नाटक, आणखी काय हवं?

पण रात्री झोप लागली नाही ती अस्वलांपायी. नाटकघरांच्या शेजारीच त्यांचा आखाडा होता. अस्वल खुंटाला बांधायचं आणि त्याच्यावर दांडगे कुत्रे सोडायचे. दर तोच, एक पेनी. सॅकरसन नावाचं अस्वल तर एखाद्या नटासारखं गाजलेलं. राणीलाही हा खेळ आवडायचा. १५९१ साली दरबारातून हुकूम निघाला की गुरुवारी नाटकं करू नयेत, अस्वलांच्या खेळाला तोटा होतो! म्हणजे बघ, शेक्सपिअरची स्पर्धा अस्वलाशी होती. आणि प्रेक्षक वेगळे नव्हते रे. आज प्रेमिकांच्या मरणावर डोळे पुसणारा उद्या कुत्र्यावर पैज लावून ओरडायचा. मला वाटायचं, नाटकानं माणूस मऊ होतो. तुझं काय मत? तू तर नाटकांत कामं केलीस.

परतताना मुलीनं एक बोळ दाखवली. पाटीवर नाव, बेअर गार्डन्स, म्हणजे अस्वलांची बाग. आम्ही दोघं गप्पच चाललो.

वहिनींना नमस्कार. त्यांचं ते गुडघ्याचं तेल कुठलं, तेवढं कळव.

तुझा,
बापू