दुरुस्तीहून कोरा आलेला पीडीए आणि त्यामागोमाग संगणकातून गेलेल्या नोंदी: तक्रार पत्र

सोलापूर,
दिनांक २० फेब्रुवारी २००६

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: हमीच्या मुदतीत दुरुस्तीस दिलेल्या पीडीएच्या बॅटरीचे पैसे आकारल्याबाबत, तसेच आपल्या मदतवाहिनीवरील चुकीच्या सूचनेमुळे माझ्या घरच्या संगणकातील नोंदी पुसल्या गेल्याबाबत.

महोदय,

मी सोलापुरात चादरी आणि टॉवेल यांच्या विक्रीचा कमिशन एजंट असून ११ जानेवारी २००५ रोजी आपल्या येथील अधिकृत विक्रेत्याकडून आपल्या कंपनीचा पीडीए (पत्ते व नोंदी ठेवण्याचा, लेखणीने चालणारा खिशातला छोटा संगणक) रोख ९,७५० रुपये देऊन विकत घेतला. त्यावर एक वर्षाची हमी होती. पावतीची व हमीपत्राची छायाप्रत या पत्रासोबत जोडली आहे.

हे यंत्र मी हौसेखातर घेतलेले नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण आपल्या मदतवाहिनीवरील एका प्रतिनिधीने "त्यात एवढे काय होते?" असे मला विचारले होते. सकाळी साडेआठला घरातून निघाल्यावर मी आधी पूर्व भागातील यंत्रमागांवर, तेथून अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आणि दुपारनंतर नव्या पेठेतील दुकानांत जातो. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागांच्या खटखटाटात तोंडी बोललेले काहीही ध्यानात राहत नाही; त्यामुळे साठ-नव्वद इंचांच्या चादरी किती, तीस-साठ इंचांचे टॉवेल किती डझन, डिझाइनचा नंबर कोणता, रंग कोणते, हे मागापाशी उभे राहूनच लिहून घ्यावे लागते. पंढरपूर, बार्शी, लातूर, विजापूर आणि गुलबर्गा येथील व्यापाऱ्यांना माल रवाना झाला की बिल्टीचा (माल वाहतुकीच्या पावतीचा) नंबर, गठ्ठ्यांची संख्या आणि उधारीची मुदत मी त्याच नोंदीखाली लिहीत असे, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी यंत्र खिशात वाजत असे. दर दिवाळीच्या पाडव्याला जुन्या डायरीतील पत्ते नव्या डायरीत उतरवण्याचे काम मी वीस वर्षे केले. २००५ च्या पाडव्याला ते प्रथमच करावे लागले नाही.

यंत्राबद्दल माझी तक्रार नव्हती. पडद्यावरच्या लिहिण्याच्या चौकोनात यंत्राला समजेल असा, आडवी रेघ नसलेला इंग्रजी ए काढायला हाताला आठ दिवस लागले, देवनागरीची सोय नसल्याने एकाच व्यापाऱ्याचे नाव स्पेलिंगच्या फरकाने यादीत दोन ठिकाणी जाऊन बसे, आणि लेखणी रोज त्याच चौकोनात फिरून तेथील पडदा वर्षभरात खरबरीत झाला. एवढे चालायचेच. रोज वापरलेली वस्तू झिजणारच, आणि मी तिचे पुरेपूर काम घेतले आहे.

नोव्हेंबर २००५ पासून मात्र बॅटरी टिकेनाशी झाली. रात्रभर चार्ज केलेले यंत्र पूर्वी तीन दिवस चालत असे, ते दुपारी दोनच्या आत धोक्याची सूचना दाखवू लागले. आपल्या या प्रकारच्या यंत्रात पत्ते, नोंदी आणि उधारीचे आकडे ज्या मेमरीत असतात ती बॅटरीच्याच जोरावर जिवंत राहते. बंद करण्याचे बटण दाबल्यावर फक्त पडदा विझतो, आतली मेमरी थोडी थोडी वीज घेतच असते, आणि बॅटरी पूर्ण संपली की यंत्र कारखान्यातून आल्यासारखे कोरे होते. खरेदीच्या वेळी विक्रेत्याने मला हे सांगितले नाही आणि आपल्या रंगीत पत्रकात त्याचा उल्लेख नाही. माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांत तो आहे, हे मला नंतर कळले. बॅटरी गेली तरी माहिती टिकवून ठेवणारी मेमरी या धंद्यात आता येऊ लागली आहे, म्हणजे ही उणीव आपल्यासारख्या उत्पादकांना ठाऊक आहे. ज्या गावात भारनियमनामुळे चार्जर भिंतीला लावून ठेवणे आणि वीज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेथील ग्राहकाला ही बाब दुकानातच सांगणे आवश्यक होते.

बॅटरी यंत्राच्या आत बसवलेली असून ग्राहकाला ती बदलता येत नाही. म्हणून सोमवार, दिनांक १९ डिसेंबर २००५ रोजी मी यंत्र आपल्या सोलापुरातील संकलन केंद्रात जमा केले. त्या दिवशी हमीचे बावीस दिवस शिल्लक होते. जमा पावतीवर तारीख, केंद्राचा शिक्का आणि "बॅटरी उतरते" हा शेरा स्पष्ट आहे. सात ते दहा दिवसांत यंत्र मिळेल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ते छत्तीस दिवसांनी, २४ जानेवारी २००६ रोजी मिळाले. याच काळात संक्रांत आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा येऊन गेली. बाहेरगावचे व्यापारी यात्रेच्या निमित्ताने स्वतः सोलापुरात येतात, माल पाहतात, जुना हिशोब मिटवतात, आणि त्याच दिवसांत माझ्या हातात जुनी डायरीही नव्हती व यंत्रही नव्हते.

यंत्रासोबत १,८५० रुपयांचे बिल आले. बिलाची तारीख २० जानेवारी असून "हमीबाह्य बॅटरी बदल" असे त्यावर लिहिले आहे. हमी १० जानेवारीला संपली आणि आपल्या केंद्राने काम त्यानंतर केले, म्हणून ते हमीबाह्य, असा खुलासा मला काउंटरवर देण्यात आला. ग्राहकाने वेळेत दिलेली वस्तू आपण महिनाभर ठेवून घ्यायची आणि तोवर हमी संपली म्हणून त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे, हा हिशोब आमच्या पेठेतील कोणताही व्यापारी मान्य करणार नाही. यंत्र सोडवून घेण्यासाठी मी ती रक्कम हरकत नोंदवून भरली आहे. यंत्र उन्हात ठेवल्याने बॅटरी खराब झाली असावी, असेही मला तोंडी सुनावण्यात आले. मी ते स्कूटरच्या डिकीत कधीही ठेवलेले नाही. ते कातडी पाकिटात, शर्टाच्या खिशात असे. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, आणि येथे दुकान मांडून यंत्र विकताना ते आपणासही ठाऊक असायला हवे होते.

आता मुख्य तक्रारीकडे वळतो. यंत्र कोरे येईल याची मला कल्पना होती. जमा पावतीच्या मागे बारीक अक्षरांत "यंत्रातील माहितीची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही" असे छापलेले आहे व त्याखाली माझी सही आहे. ती मी नाकारत नाही. मी दर शनिवारी रात्री यंत्र केबलने घरच्या संगणकाला जोडून दोन्हींकडील नोंदी एकसारख्या करून घेत असे आणि १७ डिसेंबरच्या शनिवारीही मी ते केले होते. त्यामुळे ६१२ पत्ते, ९४ उधारीच्या नोंदी आणि वर्षभराची बिल्टीची टिपणे संगणकात सुरक्षित होती. मेमरी कार्डावर आणखी एक प्रत ठेवायला हवी होती, हे मात्र माझ्याकडून राहून गेले.

कोऱ्या यंत्रात जुन्या नोंदी परत कशा आणाव्यात, याबद्दल खात्री करून घेण्यासाठी मी २५ जानेवारी रोजी सकाळी आपल्या टोल फ्री क्रमांकावर फोन केला. यंत्र नुकतेच दुरुस्तीहून आले आहे आणि त्यात काहीही नाही, ही माहिती मी दोनदा दिली. त्यावर प्रतिनिधीने संगणकातील सेटिंग उघडायला सांगितले. तेथे चार पर्याय होते: दोन्हींकडील नोंदी जुळवणे, संगणकातील नोंदी यंत्रावर घालणे, यंत्रातील नोंदी संगणकावर घालणे आणि काहीही न करणे. त्यांनी मला तिसरा पर्याय निवडायला सांगितले. मी शंका विचारली, तेव्हा "दुरुस्तीनंतर हेच करायचे असते" असे उत्तर मिळाले. मी बटण दाबले. एका मिनिटाच्या आत कोऱ्या यंत्राने आपला कोरेपणा संगणकावर उतरवला, आणि पत्त्यांच्या यादीत व टिपणांत एकही ओळ उरली नाही.

त्याच संध्याकाळी माझ्या मुलाने माहितीपुस्तिका वाचून दाखवली. पहिलाच पर्याय तसाच ठेवून, संगणकाने वापरणाऱ्याचे नाव विचारल्यावर माझे जुने नाव निवडले असते, तर सर्व नोंदी आपोआप यंत्रात परत आल्या असत्या. म्हणजे मी कोणालाही काही न विचारता केबल जोडली असती तर माझे काही गेले नसते. फोनचा तक्रार क्रमांक मी लिहून ठेवला आहे व तो सोबतच्या कागदात आहे.

पावतीवरील माझी सही यंत्रातील माहितीपुरती आहे. माझ्या घरातील संगणक मी आपल्याकडे दुरुस्तीस दिला नव्हता, त्याची कोणतीही पावती झालेली नाही, आणि त्यातील माहिती आपल्या प्रतिनिधीने स्वतः सांगून पुसायला लावली आहे. तरीही माझ्या दोन्ही ईमेलना आपल्या विभागाकडून त्याच छापील वाक्याचे उत्तर आले. ही पत्रे वाचली गेली असतील, असे मला वाटत नाही.

गेले चार आठवडे मी चलनपुस्तके, बिल्टीच्या प्रती आणि बँकेचे पासबुक यांवरून उधारीची यादी पुन्हा तयार करीत आहे. बहुतेक व्यापाऱ्यांनी आपापल्या वहीतले आकडे सचोटीने सांगितले. दोघांनी सांगितलेले आकडे मला अजूनही पटलेले नाहीत, पण माझ्याकडे दाखवायला काही नसल्याने मी गप्प आहे. साधारण सत्तर नोंदी जुळल्या आहेत. उरलेल्यांसाठी संगणकाची डिस्क हाच आधार आहे.

जाणकारांकडून मला असे कळले की पुसलेली फाइल डिस्कवरून लगेच नाहीशी होत नाही, तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती परत मिळू शकते. म्हणून २५ जानेवारीच्या रात्रीपासून तो संगणक बंद आहे. त्यावर मी एक चादर टाकून ठेवली आहे आणि मुलाचा पदविकेचा प्रकल्प मित्राच्या घरी चालला आहे, ज्याबद्दल तो मला रोज ऐकवतो.

तरी आपण आपल्या खर्चाने अनुभवी तंत्रज्ञ सोलापुरास पाठवून त्या डिस्कवरील नोंदी परत मिळवण्याचा प्रयत्न करावा, ही माझी पहिली मागणी आहे. डिस्क कुरिअरने पाठवण्यास मी तयार नाही. छत्तीस दिवसांचा अनुभव पुरेसा आहे. बॅटरीपोटी घेतलेले १,८५० रुपये परत करावेत, नव्या बॅटरीवर वेगळी हमी लेखी द्यावी, आणि २५ जानेवारीच्या फोनवर दिलेली सूचना चुकीची होती हे आपल्या सहीच्या पत्राने मान्य करावे. हे शेवटचे पत्र मला त्या दोन व्यापाऱ्यांना दाखवायचे आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे दाद मागणे मला भाग पडेल. खरेदी, जमा पावती आणि बिल हे तिन्ही व्यवहार सोलापुरातच झालेले असल्याने त्यासाठी मला परगावी जावे लागणार नाही.

तंत्रज्ञ पाठवताना आदल्या दिवशी फोन करून आमच्या भागातील भारनियमनाची वेळ विचारून घ्यावी. सध्या सकाळच्या वेळी आमच्याकडे वीज नसते. दुपारी तीननंतर आल्यास काम होऊ शकेल आणि मीही त्या वेळी घरी थांबेन.

कळावे,

आपला ग्राहक,
(सही)

सोबत: खरेदीची पावती, हमीपत्र, १९ डिसेंबरची जमा पावती, २० जानेवारीचे बिल, दोन ईमेल व त्यांची उत्तरे, तक्रार क्रमांकाचे टिपण. सर्व छायाप्रती, मूळ कागद माझ्याकडे आहेत.