औषध लागू पडले नाही, तर पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘मन मोकळे करा, लाजू नका, डॉक्टरांकडे जा’ अशा मजकुराने पाने भरतात. चांगलेच आहे. पण जे लाजले नाहीत, डॉक्टरांकडे गेले आणि गोळ्या घेऊनही वर्षानुवर्षे नैराश्यातच आहेत, त्यांच्यासाठी त्यात एक ओळ नसते.

माझे यजमान भोसरीच्या एका कारखान्यात होते. पहिल्या डॉक्टरांची गोळी बरेच महिने तशीच चालू राहिली. ‘कसं वाटतंय?’ ‘तसंच.’ की पुन्हा तीच चिठ्ठी. नातेवाइकांचा सल्ला वेगळाच: रोज पर्वती चढा, आपोआप बरे वाटेल. ज्याला आंघोळीला उठवत नाही, तो पर्वती काय चढणार!

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासले. आजवरच्या प्रत्येक गोळीचे नाव, डोस आणि ती किती आठवडे घेतली हे वहीत लिहून काढायला लावले. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक, हे आम्हाला तेव्हा कळले. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. दोन औषधे पुऱ्या मात्रेत, पुरेसा काळ घेऊनही फरक नसेल, तरी मार्ग संपत नाहीत: औषध बदलता येते, जोडीला लिथियमसारखे दुसरे देता येते, शॉक ट्रीटमेंटही असते. तिचे नाव काढले की लोकांना हिंदी सिनेमा आठवतो. पण भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय ती द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे.

गोळ्यांच्या जोडीला मानसशास्त्रज्ञ बाईंनी यजमानांना एकच काम दिले. सकाळी दुधाची पिशवी खाली जाऊन स्वतः आणायची, मन असो वा नसो. सुरुवातीला पिशवी ओट्यावर ठेवून हे परत पांघरुणात. पुढे वाण्याशी चार शब्द बोलणे सुरू झाले. आजार गेलेला नाही, पण आता सुडोकूवरून माझ्याशी वाद घालतात. मला तेवढे पुष्कळ आहे.

आता खर्चाचे. २०१७ च्या त्याच कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळायला हवा. पण बहुतेक पॉलिसी रुग्ण दाखल झाला तरच पैसे देतात, आणि आमचा सगळा खर्च तपासणी, गोळ्या नि समुपदेशनाचा. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, येरवड्याच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. पण येरवड्याचे नाव काढताच निम्मी माणसे मागे फिरतात.

घरच्यांनी कुठे बोलायचे, हा प्रश्न उरतोच. व्यसनमुक्तांच्या बैठका पुण्यात नियमित होतात, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि कुटुंबीयांसाठी स्वमदत गट आहेत. नैराश्यासाठीही महापालिकेने आपल्या दवाखान्यांत, संध्याकाळी ओपीडी संपल्यावर, असा गट भरवावा. खोली आणि चार खुर्च्या एवढाच खर्च.

आपल्याकडूनही एक अपेक्षा. रक्तपेढ्यांच्या क्रमांकांशेजारी ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रोज छापावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. आणि असे गट सुरू झालेच, तर त्यांची वेळ नि पत्ता शहरातल्या कार्यक्रमांच्या सदरात व्याख्यानांच्या बरोबरीने द्यावा.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे